संतपूरचं शनिवारी जळणारं मशीन

मी डॉक्टर नाही, तरी माझा दिवस रुग्णालयातच उगवतो आणि बहुधा तिथंच मावळतो. नाशिकच्या आमच्या रुग्णालयात श्वास देणारी, रक्त गाळणारी, छातीचे ठोके दाखवणारी जेवढी यंत्रं आहेत, ती सांभाळणाऱ्या विभागाची मी प्रमुख आहे. लोक विचारतात, म्हणजे नेमकं काय करता? मी सांगते, यंत्र बिघडलं की शिव्या खाते आणि चालू असलं की कुणाच्या ध्यानातही नसते.

आमच्या संस्थेची तीन लहान रुग्णालयं कर्नाटकात आहेत, बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या आपल्याला लागून असलेल्या पट्ट्यात. एक संतपूरला, एक निर्ण्याला आणि एक अफजलपूरला. तिथलं काही बिघडलं की ते खोक्यात भरून नाशिकला यायचं आणि दुरुस्त होऊन परत जायचं. मी स्वतः कधी तिकडं गेले नव्हते. गेल्या थंडीत मात्र जावं लागलं. संतपूरच्या रुग्णालयात नवजात बाळांसाठी एक खोली आहे, तिथलं वॉर्मर पुन्हा पुन्हा जळत होतं. वॉर्मर म्हणजे वरून उष्णता देणारा पाळणा. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला अंगात ऊब धरता येत नाही, ती हा पाळणा देतो.

आमचे संचालक म्हणाले, "विद्याताई, एकदा बघून या. जमण्यासारखं नसेल तर ती खोली बंद करू. तिथली यंत्रं दुसरीकडं कामाला येतील."

खरं सांगायचं तर निघताना माझाही कल बंद करण्याकडेच होता. बिनभरवशाचं यंत्र हे नसलेल्या यंत्रापेक्षा वाईट, असं मी माझ्या विभागातल्या मुलांना नेहमी शिकवत आले आहे.

बीदर

गाडीत आम्ही तिघं. मी, आमचे जुने तंत्रज्ञ इम्तियाजभाई आणि करुणा वाघमारे. करुणा माझ्या विभागातली सगळ्यात हुशार इंजिनिअर. ती मूळची संतपूरचीच, म्हणून तिला बरोबर घेतलं. तिला मराठी, कन्नड आणि थोडी तेलुगूही येते, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. इतकी वर्षं एका खोलीत काम करून मी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

सोलापूर मागं पडलं, हुमनाबाद गेलं आणि मातीचा रंग बदलला. काळ्याभोर रानातून रस्ता चढत चढत एकदम लाल पठारावर आला. बीदर त्या लाल जांभ्यावर बसलेलं आहे. घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे, रस्त्याकडेचे ढिगारे, सगळं विटकरी. नाशिकची थंडी द्राक्षाच्या मळ्यातली, ओलसर असते. इथली कोरडी. ओठ फुटतात, पण ऊन अंगाला गोड लागतं.

चहाच्या टपरीवर इम्तियाजभाईंची गंमत झाली. ते मालेगावचे, त्यांना आपल्या उर्दूचा अभिमान. त्यांनी मोठ्या नजाकतीनं चहात साखर कमी ठेवायला सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "शक्कर नक्को? हौ, समझ्या."

"हौ काय, नक्को काय!" इम्तियाजभाई गाडीत बसता बसता कुरकुरले. "ही कसली भाषा?"

करुणा हसून म्हणाली, "भाई, आमच्याकडं मराठीतबी नक्को, कन्नडमधल्या भांडणातबी नक्को. दोन दिवस थांबा, तुम्हीबी म्हणाल."

आणि खरंच, परतताना सोलापूरच्या हॉटेलात वेटरनं पापड विचारला तेव्हा इम्तियाजभाई सहज म्हणून गेले, "नक्को." पण ते नंतरचं.

संतपूर

बीदरहून औरादच्या दिशेनं निघालो की रान पुन्हा काळं होतं. ज्वारी कमरेच्या वर आलेली, मध्येच तुरीचे वाळत चाललेले पट्टे, सोयाबीन केव्हाच निघालेलं. आम्ही भर सकाळी संतपुरात शिरलो आणि मी चक्रावले. एवढं मोठं गाव, पण चिटपाखरू नाही. दुकानं बंद, पार मोकळा, घरांना कुलपं. मला वाटलं, कुणी मोठं माणूस गेलं की काय.

करुणानं कपाळावर हात मारला. "मॅडम, आज येळवस! मी तारीख बघितलीच नाही."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. हा सण नाशिककडं कुणाला माहीत नाही. लातूर, उदगीर, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात मात्र दिवाळीपेक्षा मोठा. त्या दिवशी सगळं गाव रानात जेवायला जातं. डोक्यावर पाट्या घेऊन बायका, कडेवर पोरं, मागून म्हातारी माणसं. गावात उरतात ती कुत्री आणि ज्यांना काम सोडता येत नाही अशी माणसं.

रुग्णालयात अशी एकच व्यक्ती भेटली. मुख्य परिचारिका कमलाक्का. उंचनिंच, पिकल्या केसांच्या, मूळच्या कन्नड, पण मराठी अस्खलित.

"बर्री, बर्री," म्हणत त्यांनी हातानंच आत बोलावलं. "नाशिकवाले व्हय? आजच मुहूर्त गावला तुमाला! डॉक्टर गेलेत रानात, तासाभरात येतील. पोटुशी बाई कुनी नाई आज, देवाची कृपा."

त्यांनी बाळांची खोली उघडली. लहानशी, स्वच्छ, भिंतीला फिकट पिवळा रंग. मध्ये वॉर्मर, त्यावर पांढरी चादर झाकलेली, आणि वरच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधलेली.

इम्तियाजभाईंनी माझ्याकडं बघितलं. कमलाक्कांनी ते टिपलं.

"हसू नगा," त्या म्हणाल्या. "हे मशीन शनिवारीच जळतंय. दरखेपेला शनिवारीच. कंपनीचा मानूस आला, कार्ड बदलला, गेला. पुढच्या कुठल्या तरी शनिवारी पुन्हा धूर. स्टॅबिलायझर लावला, तोबी जळला. मागच्या टायमाला बाळ होतं आत. मी उचलून काढलं. त्याला काई झालं नाई, पन त्याची आई अशी किंचाळली की गावभर ऐकू गेलं. आता बाया बाळाला इथं ठेवूच देत नाईत. थंडीत बाळ कापडात गुंडाळून उदगीरला न्यायलेत. वाटेत काय होईल ते होईल."

मला हसू आलं नव्हतं. मी मनात एवढंच म्हटलं, ही खोली बंद झाली तर त्या बाळांच्या वाटेत फरक काय पडणार आहे? आत्ताही ती बंदच आहे.

करुणानं हळूच विचारलं, "अक्का, शनिवारी इथं काय असतं?"

"ऑपरेशन. बीदरहून सर्जन येतात."

करुणानं नुसती मान हलवली. पण तिचा चेहरा मी ओळखते. तिला काहीतरी टोचलं होतं.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. करुणाचे वडील, माणिकराव. डोक्याला रुमाल, अंगात स्वेटर, मिशीला पीठ लागलेलं. लेकीला बघून ते नुसतेच हसले, मग माझ्याकडं वळले.

"मॅडम, येळवसला पाहुना उपाशी ऱ्हायला तर वरीसभर आमच्या घशाखाली घास उतरत न्हाई. मशीन कुठं पळून जायलंय? चला."

डॉक्टर परत आले, कमलाक्कांच्या सोबतीला थांबले, आणि आम्ही रानात गेलो.

तिथलं जेवण कसं होतं हे शब्दात सांगणं अवघड. ज्वारीच्या कडब्याची खोप, खाली घोंगडं. पातेल्यात भज्जी. भजी नव्हे हं. ओली तूर, हरभऱ्याचे सोलाणे, वालाच्या शेंगा, गाजर, चाकवत, जे रानात आहे ते सगळं ताकाच्या आंबूस पिठात शिजवलेलं. तिच्यासोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, ठेच्याचा गोळा आणि मडक्यात आंबील. मी नाशिकची, मिसळीशिवाय कशाचा तिखटपणा मानत नाही. पण त्या भज्जीनं नाकातून पाणी काढलं आणि तरी हात थांबेना.

मी विचारलं, "तुमच्यात पूजा असते का याची?"

"आमी बुद्धाची लेकरं, मॅडम. आमच्या बापानं धर्म घेतला तवापासनं ती पूजा सोडली," माणिकराव म्हणाले, आणि डोळे बारीक करून पुढं म्हणाले, "पन भज्जी कुनी सोडाय सांगितली न्हाई."

सगळे हसले. शेजारच्या रानातून कुणीतरी हाक मारली, "वो पाहुणे, इकडं बी या की आंबील प्यायला!" अशा हाका तीन रानांतून आल्या. कुणाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी प्याले. आंबिलीनं झोप येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विभागप्रमुख बाई त्या खोपीत अशी झोपली की करुणाच्या आईला अंगावर शाल टाकावी लागली. उठले तेव्हा ऊन कलतीला आलं होतं आणि माणिकराव इम्तियाजभाईंना सांगत होते, "आमची करुणा आता नाशिकची झाली. पुढं पुण्याला जाईल, बंगळुरूला जाईल. या मातीतनं तिला काढायचं म्हनून मी आनि हिची आई लई राबलो. आता मागं वळून बघायचं काम न्हाई."

करुणा पलीकडं ज्वारीची पानं कुरतडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. नाशिकहून आणलेलं नवं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पट्टी, इम्तियाजभाईंनी वॉर्मरला बसवलं. मी म्हटलं, चालू करून बघू. करुणा म्हणाली, "नको मॅडम. आधी एक बघू या. अक्का, शनिवारी सर्जन आल्यावर सगळ्यात आधी काय चालू करता?"

"ऑटोक्लेव्ह. अवजारं उकळायला. सकाळपासनं दुपारपर्यंत चालूच."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी लहान कुकरवर भागतं."

ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेनं अवजारं निर्जंतुक करायचा भलामोठा डबा. वीज ओढतो ती पोटभर. करुणानं वॉर्मरच्या सॉकेटात मीटर लावलं आणि कमलाक्कांना तिकडून डबा चालू करायला सांगितलं. एवढं मोठं काम सुरू झालं की व्होल्टेज थोडं खाली यावं, हा साधा नियम. आम्ही तिघंही आकडा घसरायची वाट बघत होतो. आकडा वर गेला. खोलीतला दिवा एकदम लख्ख झाला, जणू कुणी वात पुढं सारली.

"वर कसं जायलंय?" करुणा ओरडली. घाईत ती गावच्या बोलीत गेली होती. "अक्का, बंद करा! बंद करा!"

डबा बंद झाला, दिवा निवळला. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि तिघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला. न्यूट्रल.

कमलाक्का दारात आल्या. "काय झालं?"

मी त्यांना सांगितलं ते इथंही सांगते. इमारतीत वीज तीन तारांतून येते आणि एका सामाईक तारेनं परत जाते. तीन भावांची तीन वावरं, पण पाण्याचा निचरा व्हायला चर एकच. चर मोकळा असेल तोवर कुणाचं कुणाला कळत नाही. चर बुजला की एकाच्या वावरात पाणी सोडलं तर ते दुसऱ्याच्या पिकात शिरतं. इथं तो चर, म्हणजे न्यूट्रलची तार, कुठंतरी सैल झाली होती. शनिवारी डबा पेटला की वॉर्मरच्या वावरात पूर यायचा.

"म्हंजे शनिवार खराच होता," कमलाक्का म्हणाल्या.

"शनिवार खराच होता," मी म्हटलं. "शनी मात्र नव्हता."

त्या खळखळून हसल्या. लिंबू-मिरची मात्र त्यांनी काढली नाही, आणि आम्हीही हात लावला नाही.

तार शोधायला दुपार झाली. वीज पूर्ण बंद करावी लागणार होती, म्हणून गावच्या लाईनमनला बोलावून खांबावरचे फ्यूज काढून घेतले. मुख्य बोर्ड जिन्याखाली होता, त्याच्यापुढं कधीतरी कपाट उभं केलेलं. कपाट सरकवलं, झाकण उघडलं, आणि इम्तियाजभाईंनी टॉर्च धरला. ॲल्युमिनियमची जाड तार तांब्याच्या पट्टीला आवळली होती. तो सांधा काळाठिक्कर पडला होता. भाईंनी पाना लावायच्या आधी नुसतं बोट लावलं तर बोल्ट फिरला.

"या अल्ला," ते एवढंच म्हणाले.

त्यांनी जळकी तार कापली, योग्य ते टोक बसवलं, पट्टी घासून लखलखीत केली, सगळं आवळलं. बाळांच्या खोलीसाठी आम्ही वेगळी पेटी लावली. व्होल्टेज वाढलं की ती वीज आधी तोडते आणि मग विचार करते. मग पुन्हा डबा चालू केला. दिवा जागचा हलला नाही. कमलाक्का दिव्याखाली उभ्या राहून वर बघत होत्या, एखाद्या तापातून उठलेल्या पेशंटकडं बघावं तशा.

मला वाटलं, काम झालं. आमच्या धंद्यात हीच चूक होते. यंत्र सुधारलं म्हणजे काम झालं, असं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. जवळच्या वाडीतून एका बाईला जीपमधून आणलं, दिवस भरायच्या आधीच कळा सुटलेल्या. बाळ झालं ते ओंजळीत मावेल एवढं. मुलगी. डॉक्टरांनी तिला पुसून गुंडाळलं आणि म्हणाले, "वॉर्मरखाली घ्या."

बाळंतिणीची सासू आडवी आली. जाड काठाचं लुगडं, हातात पाटल्या, सवयीनं हुकूम करणारा आवाज. "त्या मशीनखाली न्हाई. मागं जळालं ते ठाऊक हाय आमाला. गाडी काढा, उदगीरला नेताव."

डॉक्टरांनी समजावलं. बाहेर थंडी आहे, बाळाला सोसणार नाही. बाई ऐकेना. मी पुढं होऊन म्हटलं, काल आम्ही सगळं तपासलंय. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तपासणारे लई येऊन गेले."

तिचं चुकत नव्हतं. बाळाचे ओठ निळसर व्हायला लागले होते.

करुणा सरळ आत गेली. वॉर्मर चालू होतंच. तिनं स्वेटरची बाही वर सारली आणि आपला उघडा हात पाळण्यात ठेवला, बाळ ठेवतात त्या जागी.

"काकू, या. तुमीबी ठेवा."

सासूबाई दारातच उभी होती. मग आत येऊन, पाटल्या मागं सारून तिनं हात पाळण्यात ठेवला.

"चुलीपाशी बसल्यावानी वाटायलंय," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. मग तिनं करुणाकडं नीट बघितलं. "तू कुनाची गं?"

हा प्रश्न मी आमच्या गावाकडंही ऐकलाय. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. करुणालाही तो कळला.

"माणिक वाघमाऱ्यांची."

सासूबाईचा हात पाळण्यातच होता, करुणाच्या हाताशेजारी. ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यात किती पिढ्या होत्या ते मला, परगावच्या बाईला, सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पण कमलाक्कांनी श्वास रोखला होता, एवढं दिसलं.

"माणिकची लेक व्हय," ती शेवटी म्हणाली. "मग ठेव बाळाला. पन तू हितनं हलू नगंस."

बाळ पाळण्यात गेलं. करुणा हलली नाही. दुपार होईतो त्या इवल्या ओठांना रंग आला, आणि मग ते बाळ असं रडलं की जीपचा ड्रायव्हर अंगणातून "रडली, रडली!" म्हणत आत धावला.

मी बाहेर आले तर ओसरीवर माणिकराव डबा घेऊन उभे होते. ते केव्हापासून तिथं होते, मी विचारलं नाही.

मी संचालकांना फोन केला. खोली बंद करायची गरज नाही, कारण सापडलं, दुरुस्ती झाली. ते खूश झाले, पण त्यांनी रास्त प्रश्न विचारला. "आणि पुन्हा काही झालं तर, विद्याताई? नाशिकहून तुम्ही कितीदा जाणार? तीन ठिकाणची यंत्रं बघायला तिथलं माणूस पाहिजे. असं माणूस तिकडं मिळेल का?"

फोन ठेवला तेव्हा करुणा समोर उभी होती.

"मॅडम, मी राहते."

मला राग आला. तो रागच होता, दुसरं नाव देत नाही. ती माझ्या विभागातली सगळ्यात चांगली इंजिनिअर. माझ्यानंतर माझ्या खुर्चीत तीच, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, "तुझे वडील काय म्हणाले परवा, ऐकलंस ना?"

"ऐकलं. म्हणून तर आधी तुम्हाला विचारायलेय. त्यांना विचारायची हिंमत नाही मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघताना माणिकराव आले. हातात कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाची चटणी, वाटेसाठी. म्हणजे करुणा रात्री घरी बोललेली होती. ते माझ्याशी बोलायला जरा बाजूला आले.

"मॅडम, आमची आई सुईणपन करायची. पन त्या बाईच्या वाड्यात तिला मागच्या दारानं घ्यायचे, आनि ती गेली की गोमूत्र शिंपडायचे. काल तीच बाई माझं नाव घेऊन म्हनली, ठेव बाळाला." त्यांनी भाकऱ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या. "म्हनून काय मी भुललो न्हाई. एका दिसात काय बदलत नसतंय."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"पोरगी मागं यायलीय का पुढं चाललीय, हेच मला रातभर कळंना. मग करुणाची आई म्हनली, ती खुरपायला थोडीच येतीय? तीन दवाखान्यांची मालकीन होऊन येतीय." त्यांनी रुमाल सोडून पुन्हा बांधला. "येऊ द्या. पन माझं एक हाय. नाशिकला जो पगार, तोच हितं. जे पद, तेच हितं. गावची पोरगी म्हनून अर्ध्यावर राबवायचं न्हाई. आनि हे तोंडी न्हाई चालायचं."

मी म्हटलं, "पदाला तेच नाव राहणार नाही, माणिकराव. मोठं करावं लागेल."

ते हसले नाहीत. मान हलवली आणि भाकऱ्या उचलून माझ्या हातात दिल्या.

निर्णा

निर्णा हुमनाबादच्या अंगाला. गाव शेतीचं, तुरीच्या राशी आणि मळणीयंत्रं अंगणाअंगणात. तिथलं रुग्णालय म्हणजे चार खाटा आणि एक उत्साही परिचारिका. वाटेतच मी संचालकांना करुणाचा विचार आणि माणिकरावांची अट कळवली होती; आम्ही दाराशी पोचलो तोवर त्यांचा होकार आला होता. पदाचं नवं नाव आणि पगार ते लिहून पाठवणार होते.

मी ठरवलं, सुरुवात इथूनच होऊ दे. "करुणा, तू इथं थांब. जे आहे ते सगळं बघ. आम्ही कलबुर्गीवरून अफजलपूर करून सोलापूरला निघू."

"एकटीनं?"

"मग कुणासोबत?"

इम्तियाजभाईंनी आपली पान्यांची जुनी पेटी डिकीतून काढली आणि तिच्यापुढं ठेवली. त्या पेटीला नाशिकमध्ये आम्ही कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. ते एवढंच म्हणाले, "पक्कड नीट बंद होत नाही. जोर लावायचा."

गाडी निघाली तेव्हा मागचं सीट मोकळं होतं. मग भाईंनी भाकरी मोडली, चटणी लावून माझ्यापुढं धरली. ती भाकरी पापडासारखी कडक असते, महिनाभर टिकते म्हणे. आमच्याकडं भाकरी मऊ नसली तर सुनेला नावं ठेवतात. इथं मोडताना आवाज आला नाही तर ठेवतात.

अफजलपूर

इथं भीमा वाहते आणि सगळा देखावाच पालटतो. बीदरचं लाल नाही, संतपूरचं काळं नाही, नजर जाईल तिथं हिरवा ऊस. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, सोलापूरच्या बसगाड्या, पाट्यांवर कन्नड आणि दुकानात मराठी. काम फार नव्हतं. मॉनिटरच्या दोन वायरी बदलल्या, घशातला कफ ओढणाऱ्या एका सक्शन मशीनचा पाईप. मग आम्ही नदीकाठच्या टपरीवर बसलो. ताटात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, इथं तिला पुंडी पल्ल्या म्हणतात. आंबट आणि गरम.

तेवढ्यात फोन वाजला. करुणा.

"मॅडम, ऑक्सिजनचं मशीन. चालू होतंय, आवाज नीट आहे, पण ऑक्सिजन कमी यायलाय. आतलं सगळं उघडून बघितलं. ठीक आहे. एक म्हातारे आजोबा यावर आहेत, आत्ता सिलिंडरवर टाकलंय त्यांना, पण सिलिंडर संध्याकाळपर्यंतच."

मी विचारलं, "मशीन कुठं ठेवलंय?"

"खिडकीपाशी."

खिडकीपलीकडं अंगण. अंगणात तुरीची रास, आणि मळणीयंत्राची धूळ, दिवसभर. मला कळलं. हे मशीन खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन काढतं, आणि हवा आत घ्यायची जाळी बुजली असणार. आतलं सगळं बघून झाल्यावर बाहेरचंच राहून जातं. मी तोंड उघडलं.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्हाला कळलंय ना? सांगू नका."

मी घास तसाच ताटात ठेवला. इम्तियाजभाई खुणेनं विचारत होते, काय? मी बोट ओठांवर ठेवलं. फोनमधून स्क्रू फिरल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, बराच वेळ नुसती तिची पावलं. खिडकी लावल्याचा आवाज. मग झटकल्याचा, फट फट फट, आणि खोकला.

"गोधडी भरेल एवढा भुसा आहे यात!" ती ओरडली. "सापडलं, मॅडम!"

मग ती मला विसरलीच. फोन तिनं कुठंतरी ठेवला असावा. मशीनची घरघर सुरू झाली, परिचारिकेचा आवाज आला, आणि करुणा तिला समजावून सांगू लागली. मशीन कुठं ठेवायचं, जाळी कधी धुवायची, कशी वाळवायची, असंच काहीतरी असणार. सगळं कन्नडमध्ये. ती परिचारिका काहीतरी विचारत होती, करुणा हसत होती, एका म्हाताऱ्या माणसानं मध्येच काही म्हटलं आणि दोघी त्याला एकदम उत्तर द्यायला लागल्या.

मला त्यातला एकही शब्द कळला नाही. भाजी निवत होती, पुलावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, आणि मी फोन तसाच कानाशी धरून ऐकत बसले.